पाण्याची बेगमी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पाण्याविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना रूक्ष वाटेल. कार्यकारिणीने विषय निवडण्याची मुभा मला दिली, तेव्हा "आठवणींचे काहीतरी बोला" अशी प्रेमळ सूचनाही सोबत होती. आठवणी मी सांगणारच आहे. परंतु चेन्नईत पन्नास वर्षे संसार केलेल्या कोणत्याही गृहिणीला आठवणी सांगावयास लावले, तर त्यांतल्या निम्म्या पाण्याच्याच निघतील. अंगणातल्या हातपंपाचा पहाटेचा खडखडाट, हिरव्या-निळ्या-केशरी रंगांच्या प्लॅस्टिकच्या 'कुडमां'ची रांग, गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबणारी पाण्याची लॉरी आणि "तण्णी वंदाच्चु" ही हाक! आपल्यापैकी बहुतेकींनी या गावात येऊन शिकलेला पहिला तमिळ शब्द 'तण्णी' हाच असेल. 'वणक्कम' नंतर आला.

मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली. १९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. त्या वर्षी आमच्या आईने घरात एक नियम घालून दिला होता. तो असा की, शेवटच्या घागरीला हात लावायचा नाही. दारात दुसरी भरलेली घागर येऊन टेकेपर्यंत शेवटची घागर 'नाहीच' असे समजावयाचे. पाहुणा आला तरी नाही, कोणी तापाने फणफणले तर मात्र चालेल. दुष्काळ सरला, पुढे नळ आले, तरी आईने तो नियम सोडला नाही आणि लग्नानंतर १९७५ साली मी या गावी आले, तेव्हा तोही माझ्या ट्रंकेबरोबर आला. त्या काळी मला त्यात विशेष काही वाटत नव्हते. यजमान तर त्याची थट्टाच करीत.

आपल्याकडे वर्षाची बेगमी करण्याची रीत आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तिखट, मसाला, पापड, कुरडया, सांडगे, शेवया व्हावयाच्या, म्हणजे आषाढाच्या झडीत घर अडत नसे. धान्याला कडुलिंबाचा पाला घालून कणग्या भरावयाच्या. यांतले एकही काम मोठे नव्हे, पण ते दर वर्षी ठरल्या वेळी होत असे आणि त्यातच त्याचे सारे सामर्थ्य होते. संकट दाराशी आल्यावर कोणी कुरडया घालावयास बसत नाही. पाण्याची अशी बेगमी मात्र आपण फारशी केली नाही, कारण पाणी आकाशातून पडते आणि नळातून येते, अशी आपली समजूत झाली.

चेन्नईच्या नळाला येणारे पाणी कोठून येते, याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत जातो. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी त्या वेळच्या मद्रासला पिण्यासाठी देण्याचे मान्य केले. कालवे व्हावयास वीस वर्षे गेली. १९९६ साली ते पाणी कंडलेरूच्या जलाशयातून पूंडीच्या तलावात उतरले. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा आपल्या मागोमाग या गावी पाणी भरावयास आली, असे तेव्हा मी माहेरी कौतुकाने लिहून कळविले होते. तथापि वरच्या धरणांतच जेव्हा खडखडाट असतो, तेव्हा कराराच्या कागदातून पाणी झिरपत नाही, हेही आपण नंतरच्या वर्षांत अनुभवले.

वस्तुतः या शहराला पावसाची वाण नाही. येथे वर्षाकाठी सरासरी १४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे माझ्या सोलापूरच्या जवळजवळ दुप्पट. परंतु त्यातला मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत आणि तोही मोजक्या दिवसांत कोसळतो. समुद्रकाठची सपाट भूमी, बुजविलेली तळी आणि सिमेंटने लिंपलेली अंगणे यांमुळे तो जमिनीत मुरण्यापूर्वीच समुद्राला मिळतो. पूर आणि टंचाई ही आपण दोन निरनिराळी संकटे मानतो. चेन्नईत ती एकाच घरातली दोन भावंडे आहेत.

ती दोन्ही मी पाहिली. १ डिसेंबर २०१५ ची रात्र आपणांपैकी कोण विसरेल? आमच्या इमारतीत पाणी तळमजल्याच्या खिडक्यांपर्यंत चढले, वीज गेली आणि जमिनीखालची पाण्याची टाकी, जिला आपण सगळे 'संप' म्हणतो, तीत रस्त्यावरचे गढूळ पाणी शिरले. चहूकडे पाणी आणि प्यावयास थेंब नाही, अशी अवस्था. बारा बिऱ्हाडांपैकी तिघांच्या घरीच भरून ठेवलेले पाणी होते. एक आमचे, एक राजस्थानी कुटुंबाचे आणि एक पहिल्या मजल्यावरच्या पाट्टींचे. या पाट्टी म्हणजे आमच्या इमारतीतल्या सर्वांत वयस्कर आजी. त्यांच्याकडे तांब्याचा भला थोरला 'अंडा' होता. (आपला हंडा तो त्यांचा अंडा. नव्याने आले तेव्हा "अंडा धुऊन आणते" असे त्या म्हणाल्या नि मी घाबरलेच होते. त्या कर्मठ शाकाहारी!) तो अंडा रोज रात्री भरून ठेवल्याशिवाय त्या अंथरुणाला पाठ टेकत नसत. त्या तीन घरांच्या पाण्यावर बारा बिऱ्हाडांनी तीन दिवस काढले. पेल्याने मोजून पाणी दिले गेले. आधी लहान मुलांना, मग औषधे घेणाऱ्यांना. आईची शेवटची घागर त्या आठवड्यात प्रथमच खऱ्या अर्थाने उघडली गेली. यजमानांनी नंतर थट्टा केली नाही.

दुसरे संकट २०१९ चे. त्याच्या आदल्या वर्षी परतीचा पाऊस फार कमी झाला होता. जून उजाडला तेव्हा पूंडी, चोळवरम, पुळल (आपले रेड हिल्स) आणि चेंबरमबाक्कम या चारही तलावांतला साठा एक टक्क्याहूनही खाली गेला होता. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी शहरात आली. पन्नास वाघिणी आणि पंचवीस लाख लिटर पाणी. दूरदर्शन संचावर ती पाहताना मला २०१६ चा एप्रिल आठवला. तेव्हा मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली होती. लातूर तर पठारावरचे, अवर्षणाच्या पट्ट्यातले. त्याचे नशीबच तसे, असे आपण म्हणालो होतो. पण १४०० मिलिमीटर पावसाच्या, समुद्राकाठच्या शहरालाही तीन वर्षांनी तीच गाडी मागवावी लागली. तेव्हा दोष एकट्या पावसाचा नव्हता, हे उघड आहे.

आता मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे, त्याकडे येते. आणि ते सांगताना मला थोडी लाजही वाटते.

२००३ साली तमिळनाडू शासनाने वटहुकूम काढून प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची व्यवस्था सक्तीची केली. फार दूरदृष्टीचा निर्णय होता तो. आमच्याही इमारतीने गच्चीवरून नळ उतरविले, विहिरीशेजारी खड्डा खणला, त्यात गोटे, विटांचे तुकडे नि वर वाळू असे थर भरले. पुढची चार-पाच वर्षे विहिरीला पाणी टिकले, त्याची मचूळ चवही कमी झाली. आम्ही सर्वांनी समाधानाने हात झटकले आणि तो खड्डा विसरून गेलो.

२०१९ च्या मे महिन्यात विहीर आटली. कूपनलिकेतून नुसती हवा येऊ लागली. लॉरी मागवावी तर कित्येक दिवसांची वाट. तेव्हा कोणीतरी म्हणाले, तो खड्डा तरी उघडून पाहू. झाकण पहारीने उचकटावे लागले. आत वाळूचा थर राहिलाच नव्हता. त्या जागी काळी, घट्ट, विटेसारखी झालेली माती होती. त्यावर रंगकामाच्या वेळी पडलेले गिलाव्याचे ढलपे आणि एक चप्पल. गच्चीवर जाऊन पाहतो तो काय, तीन उतार-नळांपैकी दोन गळती बंद करण्याच्या कामात कंत्राटदाराने काढून ठेवले होते. ते पुन्हा जोडावयाचे राहिले होते. किती वर्षे? हिशेब काढला तेव्हा निघाले, सहा. म्हणजे २०१५ च्या त्या महापुरातलेही पाणी आमच्या खड्ड्यात उतरले नव्हते.

या सहा वर्षांपैकी चार वर्षे इमारतीच्या समितीची सचिव मी होते. घरात शेवटची घागर निष्ठेने भरणारी मी, मला इमारतीची घागर पालथी आहे हे कळले नाही. कारण घरची घागर ही माझी सवय होती, खड्डा ही 'व्यवस्था' होती; आणि व्यवस्था एकदा उभारली की ती आपोआप चालते, असे मीही धरून चालले होते. दर महिन्याच्या सभेत आम्ही लॉरीच्या बिलांवर तासतास वाद घातला, गच्चीवर जाऊन नळ पाहण्यास दहा मिनिटे लागली असती.

त्या उन्हाळ्यात पाट्टींना तिसऱ्या प्रहरी घोटभर पाण्यासाठी शेजारचे दार ठोठावताना मी पाहिले. तांब्याचा अंडा रिकामा होता. नळच कोरडे, तर भरणार कशाने? घरची सवय कितीही पक्की असली तरी तिच्या पाठीशी इमारतीची सवय नसेल, तर ती कोठवर पुरणार, हे त्या दिवशी मला समजले.

गणिताची शिक्षिका असल्यामुळे थोडा हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे सूत्र मुलांना अवश्य शिकवावे. आमची गच्ची सुमारे २०० चौरस मीटरची. १४०० मिलिमीटर पावसाचे होतात दोन लाख ऐंशी हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी दोन लाख चोवीस हजार उरतात. बारा बिऱ्हाडांत माणसे छत्तीस. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर लागतात, असे सरकारी मान आहे. त्या मानाने हे पाणी सेहेचाळीस दिवस पुरेल. फक्त सेहेचाळीस! ज्यांना वाटते की गच्चीवरच्या पावसाने वर्षभराची ददात मिटते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्यातून मुरलेले सगळेच पाणी आपल्या विहिरीत येते असेही नाही. काही शेजाऱ्याच्या विहिरीत जाते. जावो बापडे, त्याचेही आपल्याकडे येते.

परंतु हीच माणसे रोज १३५ ऐवजी ९० लिटरांत भागवू लागली, तर सेहेचाळीसचे एकोणसत्तर दिवस होतात. तेवीस दिवस अधिक. बारीकसारीक सवयींनी तलाव भरत नाहीत, हे मी मान्य करते. शहराच्या पाण्याची जबाबदारी शासनाची आहे, पळ्ळीकरणैच्या पाणथळीवर इमारती उठल्या त्या तुम्ही-आम्ही बादलीने आंघोळ केली म्हणून खाली उतरणार नाहीत. मात्र या सवयी दिवस मिळवून देतात. २०१९ च्या जुलैत तेवीस दिवसांची किंमत काय होती, हे ज्यांनी रांगेत उभे राहून पाहिले, त्यांना मी सांगावयास नको.

१३५ चे ९० कसे करावयाचे, हे येथील भगिनींना ठाऊक आहे. फवाऱ्याखालची आंघोळ मिनिटाला आठ-दहा लिटर खाते, बादलीची आंघोळ एका बादलीत संपते. ठिबकणारा नळ सेकंदाला एकच थेंब टाकत असला तरी दिवसाला चार ते सहा लिटर होतात. संडासाच्या टाकीत पाणी भरलेली लिटरची बाटली उभी करून ठेवली, तर प्रत्येक वेळी एक लिटर वाचतो. तांदूळ-डाळीचे धुवण तुळशीला आणि कढीपत्त्याला घालावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकले जाते. ते क्षारयुक्त असते, झाडांना घालू नये, फरशी पुसावयास आणि संडासात वापरावे. माझ्या सूनबाईंनी त्या नळीखाली बादली ठेवली आहे. पहिले चार दिवस ती सगळ्यांच्या पायांत येत असे, आता बादली जागेवर नसली तरच चुकल्यासारखे होते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या जुन्या सगळ्याच चालीरीती काटकसरीच्या होत्या, असे नाही. 'शिळे पाणी' ओतून देऊन सकाळी ताजे भरावयाचे, ही आपल्याकडची जुनी खोड. नळाला पाणी आले की गल्लीतल्या घरोघरी हंडे-कळशा रिकाम्या होतात. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी एका रात्रीत नासत नाही. पूर्वजांची बेगमी घ्यावी, ही खोड त्यांच्याजवळच राहू द्यावी.

पाण्याच्या व्यवस्था टिकतात त्या कशाने, याची दोन उदाहरणे देते. एक आपले, एक यांचे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे बांधून पाटाने शेती भिजविण्याची 'फड' पद्धत काही शतके चालत आली. तेथे पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला असे. पाणी सोडण्याआधी पाटातला गाळ काढणे हे ज्यांना पाणी घ्यावयाचे त्या सर्वांचे काम असे. बंधारा दगडाचा, पण तो शतके टिकला तो त्या दरवर्षीच्या फावड्यांमुळे. येथे तमिळ मुलुखात तेच 'कुडिमरामत्तु' या नावाने चाले. गावच्या तळ्याला 'एरी' म्हणतात. प्रत्येक घराने उन्हाळ्यात आपल्या वाट्याची मेहनत देऊन तिचा गाळ काढावयाचा, बांध सावरावयाचा. पुढे तळी सरकारी खात्यांकडे गेली, घरे त्या कामातून बाहेर पडली आणि तळी गाळाने भरली. २०१७ साली राज्य शासनाने ते जुनेच नाव घेऊन ती कामे नव्याने हाती घेतली. आमच्या खड्ड्याची कथा म्हणजे याच इतिहासाची बारा बिऱ्हाडांपुरती छोटी आवृत्ती!

२०१९ नंतर आमच्या इमारतीत ठरले, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी खड्डा उपसावयाचा. कधी? हा प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. 'पावसाळ्यापूर्वी' म्हटले की आपल्या मनात मृग येतो, जूनचा पहिला आठवडा. पहिल्या वर्षी मी त्याच हिशेबाने जूनमध्ये तो साफ करविला आणि ऑक्टोबर येईतो चार महिन्यांच्या धुळीने नि पाचोळ्याने तो पुन्हा भरला. पन्नास वर्षे येथे राहूनही माझ्या अंगातला पावसाळा सोलापूरचाच होता! येथला खरा पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या वीस तारखेच्या सुमारास लागतो. मग पाट्टींनीच तोड काढली. म्हणाल्या, आयुधपूजेला करा. ती आपली खंडेनवमी. त्या दिवशी आपण शस्त्रे-अवजारे पुजतो. येथे तर रिक्षा, शिवणयंत्र, गिरणी, सारे घासून पुसून चंदन-कुंकू लावतात. नवमी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येते, म्हणजे पावसाच्या बहुधा तोंडावरच. तेव्हापासून आदल्या दिवशी गच्ची झाडणे, नळ तपासणे, खड्ड्यातली वाळू आणि गोटे काढून धुणे, आणि नवमीला झाकणावर हळदकुंकू, असा क्रम झाला आहे. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही, पंचांगच ठेवते. लहान मुले येतात, कारण शेवटी शिरा असतो. पहिला पाऊस मात्र खड्ड्यात जाऊ न देता बाहेर सोडावयाचा, गच्चीची घाण त्याबरोबर निघून जाते.

पाट्टी गेल्या, त्याला तीन वर्षे झाली. त्यांचा अंडा त्यांच्या मुलाने आमच्या जिन्याखाली ठेवला आहे. तो भरण्याचे काम बिऱ्हाडांत आठवड्याने फिरते.

आता शेवटचे, आणि ते आपल्या मंडळाविषयी. या वास्तूच्या मागे विहीर आहे, हे नव्या पिढीतील पुष्कळांना माहीत नसेल, कारण तिच्यावर फळ्या टाकून आपण गणेशोत्सवाच्या खुर्च्या रचून ठेवतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त मागील अंगणात संपूर्ण फरशी घालण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे, असे मी ऐकते. चिखल होतो, मंडपाला अडचण होते, ही तक्रार खरी आहे. जेवणाच्या पंगतीत त्या चिखलात मीही घसरले आहे. तरीसुद्धा माझी विनंती आहे की, विहिरीच्या भोवतालची जागा मोकळी सोडावी, आणि फरशीचा उतार तिच्या बाजूच्या खड्ड्याकडे काढावा. खर्च मी एका अनुभवी गवंड्याकडून लिहून आणला आहे. संपूर्ण फरशीपेक्षा तो थोडा कमीच भरतो. ठराव कोणताही होवो, यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता त्या फळ्या उचलावयास मला चार जणांचे हात हवे आहेत. खुर्च्या दिवाणखान्यात हलविण्यासाठी आणखी दोघे. नावे चिटणिसांकडे द्यावीत, चहा माझ्याकडून.